जुन्या संगणकावरील नवी कार्यप्रणाली

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव अशा शहरांच्या जुन्या पेठांमध्ये मराठी लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे आणि मंडळांचे अहवाल छापून देणारी छोटी दुकाने आजही आढळतात. समजा, अशाच एका दुकानात २०१० साली विकत घेतलेला एक संगणक आहे. दुकानदाराने तो जिवापाड जपला आहे. त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन आहे, शेजारी यूपीएस आहे आणि दसऱ्याला त्याची पूजाही होते. मात्र गेल्या काही वर्षांत तो अडू लागला आहे. सुरू व्हायला त्याला सात-आठ मिनिटे लागतात. बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवरून पत्रिकेचा मजकूर पाठवते. तो जुन्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये घेतला की अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे आणि रिकाम्या चौकटी उमटतात. दुरुस्तीला आलेला तरुण यंत्राकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "काका, फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. दोन तासांत मोकळे."

दोन तासांचा हा हिशेब चुकीचा नाही. परंतु त्याच दोन तासांत पंधरा वर्षांचे काम कायमचे पुसले जाऊ शकते, हे त्या वाक्यात कोठेच येत नाही. जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवणे हे अवघड काम नव्हे. पण ते कोणत्या क्रमाने करायचे, हे ठाऊक नसेल तर फार महाग पडणारे काम आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय, हे पाहू. संगणकाचे जे भाग हाताला लागतात, त्यांना स्वतःहून काहीच करता येत नाही. प्रोसेसर आकडेमोड करतो, रॅम चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवते, हार्ड डिस्क ती वीज गेल्यानंतरही जपते. यांपैकी कोणाला केव्हा कोणते काम द्यायचे, हे ठरवणारा जो मूलभूत प्रोग्रॅम, त्याला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. जुन्या वाड्यात मालक आणि गडीमाणसे यांच्यामध्ये कारभारी असे. मालकाने 'पाहुणे येणार आहेत' एवढेच सांगायचे. पाणी कोणी तापवायचे, कोठीतून काय काढायचे, हे कारभारी पाही. छपाईची आज्ञा दिल्यावर संगणकात नेमके हेच घडते. मजकूर हार्ड डिस्कवरून उचलणे, तो रॅममध्ये मांडणे, प्रिंटरला समजेल अशा खुणांत बदलणे आणि कागद संपला तर तसे कळवणे, ही सारी कामे कार्यप्रणाली करवून घेते. प्रिंटर, स्कॅनर यांसारख्या प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी तिला एक छोटा दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषा पुढे बराच त्रास देतो, म्हणून त्याचे नाव आताच लक्षात ठेवावे.

भारतात घरोघरी आणि दुकानोदुकानी जी कार्यप्रणाली पोहोचली, ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. १९९५ साली विंडोज ९५ आली. २००१ च्या ऑक्टोबरात आलेली विंडोज एक्सपी अनेकांच्या हातात इतकी बसली, की पुढच्या आवृत्त्या येऊनही लोकांनी ती सोडली नाही. २००९ मध्ये विंडोज ७, २०१५ मध्ये विंडोज १० आणि २०२१ मध्ये विंडोज ११ आली. दुसरीकडे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्या गाभ्याभोवती जगभरातील लोकांनी डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट अशा अनेक कार्यप्रणाली उभ्या केल्या. त्या विनामूल्य मिळतात.

आता एक प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची यादी. तिला गंज चढत नाही, ती झिजत नाही. मग कार्यप्रणाली जुनी होते म्हणजे काय होते?

जुनी होते ती तिच्या भोवतालची परिस्थिती. कार्यप्रणालीत कोट्यवधी ओळींच्या आज्ञा असतात आणि त्यांत चुका राहतातच. काही चुका अशा असतात, की त्यांतून बाहेरचा मनुष्य संगणकात शिरू शकतो. चूक सापडली की कंपनी तिची दुरुस्ती इंटरनेटद्वारे पाठवते. परंतु हे काम कंपनी कायम करीत नाही. विंडोज एक्सपीसाठीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ साठीची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० साठीची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना पुढे आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली. या तारखांनंतर संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, आणि नेमकी हीच गोष्ट फसवी आहे. घराला कुलूप दिसते, पण त्याची किल्ली बाजारात विकली जात असते.

ही भीती काल्पनिक नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरू लागला. संगणकात शिरून तो त्यातील फायली सांकेतिक रूपात बदलून टाकी आणि त्या परत वाचता याव्यात यासाठी ३०० डॉलरची खंडणी मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची बाधा झाली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या चुकीतून हा प्रोग्रॅम शिरत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजी, दिलेली होती. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती, ती कोणी बसवलीच नव्हती. मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही कंपनीला तेव्हा अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. लग्नपत्रिकांच्या दुकानात चोरण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. पण असा प्रोग्रॅम दुकान पाहून येत नाही. उघडे दार दिसले की तो आत शिरतो.

सुरक्षेखेरीज दुसरी अडचण रोजची असते. संकेतस्थळे ज्या ब्राउझरमधून पाहतात, तो बनवणाऱ्या संस्थाही जुन्या कार्यप्रणालींचा नाद सोडून देतात. गुगलच्या क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी अखेरची आवृत्ती जानेवारी २०२३ मधील होती. त्यानंतर एकेक संकेतस्थळ 'आपला ब्राउझर जुना आहे' असे सांगून दार लावून घेऊ लागते. बँक, कर भरण्याचे संकेतस्थळ आणि परीक्षेचा अर्ज यांची कामे अशी एकामागून एक अडतात.

मग नवी कार्यप्रणाली बसवायची, तर यंत्राची कुवत पाहिली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या दुकानातील संगणकात इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क आहे, असे समजू. त्या काळी असे संगणक सर्रास विकले जात. त्यावर विंडोज ७ ची ३२ बिट आवृत्ती आहे. संगणकाच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' निवडले, की ही माहिती पडद्यावर दिसते.

३२ बिट म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे. रॅममधील प्रत्येक घराला एक क्रमांक असतो. तो क्रमांक शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहिला जातो. क्रमांकात ३२ अंक असतील, तर एकूण ४,२९,४९,६७,२९६ घरांना पत्ते देता येतात. एवढी घरे म्हणजेच ४ जीबी. त्याहून अधिक रॅम बसवली, तरी पत्ताच नसल्यामुळे सर्वसाधारण ३२ बिट विंडोज तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. ६४ अंकांच्या क्रमांकात ही अडचण व्यवहारतः उरतच नाही. कोअर टू ड्युओ हा प्रोसेसर मुळात ६४ बिटांचा आहे. त्याच्यावर कार्यप्रणाली तेवढी ३२ बिटांची बसवलेली आहे. म्हणजे हे यंत्र पंधरा वर्षे अर्ध्या ताकदीने राबत आले, असे म्हटले तरी चालेल.

तरीही त्यावर विंडोज ११ बसणार नाही. एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरत असे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. वीस वर्षांत ही गरज चौसष्ट पटींनी वाढली. रॅम वाढवता येईल, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्थाही हवी असते. गुप्त किल्ल्या सांभाळणारी ती एक छोटी तिजोरी असून २०१० च्या यंत्रात ती नसते. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचे, म्हणजे २०१७ नंतरचे प्रोसेसरच कंपनी मान्य करते. ही अट चुकवण्याच्या युक्त्या अनेक जण सांगतात. परंतु २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीला अशा काही आज्ञांची गरज आहे, ज्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरला मुळी कळतच नाहीत. तेथे ती सुरूच होत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. २०१५-१६ मध्ये घेतलेले कितीतरी चांगले, वेगवान संगणकही या अटींमुळे बाहेर राहिले आहेत. ते निकामी झाले नव्हते. कंपनीने आखलेल्या रेषेच्या पलीकडे ते पडले, इतकेच.

यंत्राची पाहणी करताना झाकण उघडून आतही पाहावे. पंख्यावर साचलेली धूळ मऊ ब्रशने काढल्याने कधी कधी मंदपणा कमी होतो. मदरबोर्डवरील छोट्या डब्यांसारखे दिसणारे कपॅसिटर वरून फुगलेले असतील, तर त्या यंत्रावर पैसे घालू नयेत. आणखी एक क्षुल्लक वाटणारी वस्तू म्हणजे मदरबोर्डवरील बटणासारखा सपाट सेल. तो ३ व्होल्टचा असतो आणि यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की सुरू होताना संगणक एखादी जुनीच तारीख दाखवतो. सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखपत्राची मुदत ब्राउझर तारखेवरूनच पडताळतो. तारीख चुकली की ती उघडत नाहीत. थोडक्या पैशांचा हा सेल बदलल्यावर 'बिघडलेले' इंटरनेट सुरळीत झाल्याची उदाहरणे कोणताही दुरुस्ती करणारा सांगेल.

यंत्र सुदृढ असेल तर दोन गोष्टींवरचा खर्च सार्थकी लागतो. एक, रॅम ४ किंवा शक्य असल्यास ८ जीबी करणे. रॅमच्या पट्टीवरील खाच डीडीआर २, डीडीआर ३ अशा प्रकारानुसार निरनिराळ्या जागी असते, म्हणून जुनी पट्टी दाखवूनच नवी घ्यावी. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि ग्रामोफोनच्या सुईप्रमाणे एक दांडी माहिती शोधत फिरते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, त्यामुळे माहिती जवळजवळ तत्काळ हाती येते. सात-आठ मिनिटे घेणारा संगणक मिनिटाभरात सुरू होतो, तो बहुधा याच बदलामुळे.

येथवर सारे प्रश्न यंत्राचे होते. मराठी दुकानदाराचा खरा प्रश्न अक्षरांचा आहे, आणि फॉर्मॅट मारणाऱ्या तरुणाला तो बहुधा माहीत नसतो.

संगणक अक्षरे ओळखत नाही. तो क्रमांक ओळखतो. पूर्वीच्या व्यवस्थेत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांनाच क्रमांक नेमून दिलेले होते. देवनागरीत काम करण्यासाठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक तोड काढली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण त्या जागी चित्र मात्र देवनागरी अक्षराचे काढायचे. कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागी 'क' दिसतो, 'यू'च्या जागी 'न' दिसतो. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये याच जागांवर निराळी अक्षरे असत. पत्रिका छापण्यापुरती ही तोड उत्तम होती. पण फॉन्ट गेला की उरतो तो निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग. संगणकाच्या दृष्टीने ती फाइल मराठीत कधी नव्हतीच.

युनिकोड या जागतिक व्यवस्थेने हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१ मधील तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. 'क'चा क्रमांक २३२५ आहे. फॉन्ट कोणताही असो, मोबाइल असो वा संगणक, तो बदलत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवरून जो मजकूर पाठवते तो युनिकोडमधील असतो. दुकानातील जुन्या प्रोग्रॅमला २३२५ हा क्रमांक म्हणजे काय हेच कळत नाही, म्हणून तेथे प्रश्नचिन्हे उमटतात. बिचारा दुकानदार तो मजकूर पाहून पुन्हा टंकित करतो, आणि नवरीच्या आजोळच्या आडनावात चूक झाली तर बोलणीही खातो.

जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. मात्र ते प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे असतात आणि बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. याचे कारण मोठे गमतीचे आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो. तेथे 'क' आधी आणि वेलांटी नंतर. 'सूर्य' शब्दातील रफार डोळ्यांना शेवटी दिसतो, पण उच्चारात 'र्' हा 'य'च्या आधी येतो. त्यामुळे बदल करणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. जोडाक्षरांच्या गर्दीत तो कधी कधी चुकतो. 'र्‍या' आणि 'र्या' यांचा घोळ तर जवळपास ठरलेला.

फॉन्टच्या फायली स्वतंत्रपणे जपून ठेवल्या, तर त्यांपैकी बहुतेक नव्या विंडोजवर आणि लिनक्सवरही चालतात आणि जुना मजकूर पूर्वीसारखा दिसतो. अडतात ते मांडणीचे जुने प्रोग्रॅम. ६४ बिट विंडोजवर फार जुने, म्हणजे १६ बिटांचे प्रोग्रॅम अजिबात चालत नाहीत. काही मराठी प्रोग्रॅमना संगणकाच्या पाठीमागे लावायचे एक छोटे कुलूप लागते. दुकानदार त्याला डोंगल किंवा लॉक म्हणतात. ते ज्या रुंद, जुन्या प्रिंटर पोर्टमध्ये बसते, तो पोर्ट नव्या संगणकांवर सहसा नसतो. आणि यंत्र तेच राहिले तरी नव्या कार्यप्रणालीसाठी त्या कुलपाचा ड्रायव्हर बनवणारी कंपनीच कधी कधी उरलेली नसते. पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रिंटरचीही हीच कथा. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी रोज लागणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमचे आणि उपकरणाचे नाव वहीत लिहावे आणि नव्या कार्यप्रणालीवर त्याचे काय होणार, हे एकेक करून विचारून घ्यावे. या वहीला लागणारी संध्याकाळ वाया गेली, असे नंतर कोणाला वाटत नाही.

यानंतर प्रती काढण्याचे काम. लोक 'डी ड्राइव्ह'मधील फायली आठवणीने उतरवतात आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या विसरतात. डेस्कटॉप हा 'सी ड्राइव्ह'चाच भाग असतो, आणि फॉर्मॅट मारताना प्रथम पुसला जातो तो तोच. हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहिती वेगळ्याच फोल्डरमध्ये असते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ईमेलचे पत्ते, फॉन्ट, प्रोग्रॅमच्या परवान्याचे क्रमांक हेही विसरले जाते. साऱ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी आणखी कोठेतरी असावी. प्रत काढली म्हणजे काम झाले असे नाही. ती दुसऱ्या संगणकावर लावून निरनिराळ्या वर्षांच्या पाच-दहा फायली उघडून पाहिल्या पाहिजेत. जुना मांडणीचा प्रोग्रॅम चालू आहे तोवरच महत्त्वाच्या कामांच्या पीडीएफ फायली करून ठेवाव्यात. पीडीएफमध्ये पान छापल्यासारखे गोठून राहते, मग फॉन्ट असो वा नसो.

एसएसडी बसवण्याचा एक मोठा लाभ येथे ध्यानात येतो. जुनी हार्ड डिस्क पुसायचीच नाही. ती सोडवून बाजूला ठेवायची, नवी एसएसडी जोडायची आणि कार्यप्रणाली तिच्यावर बसवायची. काही बिनसले तर जुनी डिस्क पुन्हा जोडली की दुकान होते तसे सुरू. दुसरी डिस्क यंत्रात जोडलेलीच नसल्यामुळे चुकीची डिस्क निवडून ती पुसण्याचा संभवही उरत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात या चुकीनेही माहिती नष्ट होते.

दुकानातील यंत्रावर विंडोज ११ बसत नाही, तेव्हा लिनक्सचा विचार करावा लागतो. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते. ६४ बिटांचा प्रोसेसर आहे, हे येथे उपयोगी पडते. कारण ३२ बिट यंत्रांसाठी लिनक्सचाही आधार आटत चालला असून ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. लिनक्सची मोठी सोय अशी, की ती पेन ड्राइव्हवरून थेट चालवून पाहता येते. संगणक सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा डिलीट यांपैकी त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. हार्ड डिस्कवर काहीही न लिहिता सारी कार्यप्रणाली समोर उभी राहते. प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, इंटरनेट लागते का, हे तपासावे. पटले नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा.

लिनक्स म्हणजे केवळ तज्ज्ञांचे काम, हा समज केरळने केव्हाच खोटा ठरवला आहे. तेथील सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण अनेक वर्षांपासून लिनक्सवर चालते. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेनेही भारतीय भाषांची सोय असलेली बॉस नावाची लिनक्स कार्यप्रणाली तयार केली आहे. मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच, आणि लिबर ऑफिसमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित चालते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त आणि बालू यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात. परंतु ज्या दुकानाचे पोट कोरल ड्रॉ किंवा पेजमेकरवर आहे, त्याला 'लिनक्स टाका, सारे काही होईल' असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. ते प्रोग्रॅम आज लिनक्ससाठी मिळत नाहीत. पंधरा वर्षे रेमिंग्टन पद्धतीने चाललेली बोटे इनस्क्रिप्टवर यायलाही काही आठवडे जातात, आणि लग्नसराईत ते आठवडे सापडत नाहीत.

अशा दुकानाला व्यवहार्य मार्ग दोन यंत्रांचा आहे. जुना संगणक जसाच्या तसा ठेवायचा, पण त्याची इंटरनेटची वायर कायमची काढून टाकायची. त्यावर जुने प्रोग्रॅम, जुने कुलूप आणि जुन्या फायली सुखाने नांदतात. बाहेरचे दारच बंद असल्यामुळे धोका पेन ड्राइव्हपुरता उरतो, म्हणून तो प्रत्येक वेळी नव्या यंत्रावर तपासून मगच लावायचा. बँक, ईमेल आणि युनिकोडमधील नवे काम यांसाठी दुसरा संगणक घ्यायचा. तो नवाच हवा असे नाही. कार्यालयांतून निघालेले, आठव्या पिढीनंतरचे वापरलेले संगणक बाजारात मिळतात आणि त्यांवर विंडोज ११ चालते. घेण्यापूर्वी ती सुरू करून पाहावी आणि परवाना खरा आहे ना, हेही विचारावे. फुकट वाटल्या जाणाऱ्या चोरीच्या प्रतींतून चोरदरवाजाही अनेकदा सोबत येतो.

दुकान एकाच यंत्रावर भागवणार असेल आणि त्याचे काम साध्या मजकुराचे असेल, तर एसएसडी, वाढीव रॅम आणि लिनक्स मिंट एवढ्यावर ते यंत्र आणखी काही वर्षे काढते. हे काम सोमवारी सकाळी किंवा लग्नाच्या मुहूर्तांच्या तोंडावर काढू नये. पावसाळ्यातला, आदल्या दिवशी वीज न गेलेला एखादा निवांत दिवस निवडावा. यूपीएसची बॅटरी किती मिनिटे टिकते हे आधी पाहून घ्यावे, कारण बसवण्याचे काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर ते बहुधा पहिल्यापासून करावे लागते. बसवून झाल्यावर आलेल्या सर्व सुरक्षा-दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात, आणि त्या पुढेही आपोआप याव्यात अशी व्यवस्था करावी.

जे यंत्र खरोखरच संपले आहे, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, आणि तारा जाळून तांबे काढणाऱ्यांच्या फुप्फुसांत तो धूर जातो. ई-कचऱ्यासाठी देशात २०१२ पासून नियम लागू आहेत. १ एप्रिल २०२३ पासून त्यांचे नवे रूप अमलात आले. त्यानुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच हा माल जायला हवा. देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी.

दुकानातील त्या जुन्या हार्ड डिस्कचे मात्र काही वेगळेच होते. ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काढल्याची तारीख आणि आतील फॉन्टची नावे लिहून, कोरड्या जागी ठेवलेली असते. वर्ष-दोन वर्षांनी एखादे गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "अहो, २०१२ साली थोरलीच्या लग्नाची पत्रिका तुम्हीच छापली होती. तसाच मजकूर धाकटीला हवा आहे." दुकानदार नव्या कार्यप्रणालीवर त्या वर्षाचे फोल्डर उघडतो, पीडीएफ पडद्यावर येते, आणि तो फक्त नाव, तारीख आणि मुहूर्त विचारून घेतो.